आम्हीही सावकार झालो!

गोष्ट 2024 च्या दिवाळीतली. माझी आजी, म्हणजे आईची आई, चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. फराळ आटोपून सगळे बैठकीच्या खोलीत बसलो होतो आणि माझे वडील चिंतातुर चेहऱ्याने मोबाईलवर काही पाहत होते. आजीने विचारले, "जावईबापू, येवढी कसली काळजी?" अण्णांनी सांगितले, की निवृत्तीच्या पैशांतले तीन लाख रुपये त्यांनी एका कंपनीच्या ॲपमधून लोकांना कर्जाऊ दिले आहेत आणि ते परत यायला वेळ लागतो आहे. आजीला ॲप कळले नाही; पण कर्ज कळले.

"लोकांना म्हंजे कुणाला?" तिने विचारले.

"ते नेमकं सांगता यायचं नाही, आई. शे-दोनशे माणसं आहेत. कुणाला हजार, कुणाला दोन हजार. नावंसुद्धा धड ठाऊक नाहीत."

आजी क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "मग मागायला कुणाच्या दारात जायचं?"

आम्ही सारे हसलो. अण्णाही हसले. परंतु त्या हसण्यात फारसा आनंद नव्हता. अर्थशास्त्र हा माझा खास विषय. तीन वर्षे मागणी-पुरवठ्याचे वक्र काढून माझ्या वह्या भरल्या आहेत. तरीही चौथीपर्यंत शिकलेल्या आजीने विचारलेला हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. अण्णांनी पैसे गुंतवले तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून "बारा टक्के म्हणजे चांगलंच आहे की!" असे म्हटले होते. म्हणून हा लेख लिहिताना दोष दुसऱ्याला देण्याआधी मी तो स्वतःकडे घेते.

प्रथम हा व्यवहार आहे तरी काय, ते पाहू. आपण बँकेत मुदत ठेव ठेवतो तेव्हा आपण बँकेला कर्ज देतो. बँक ते पुढे कोणाला देते, ते बुडते की तरते, याच्याशी आपला थेट संबंध नसतो. बँकेने ठरलेले व्याज आपल्याला द्यायचेच असते. आणि बँकच बुडाली, तर ठेव विमा महामंडळाचे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण 2020 पासून प्रत्येक ठेवीदाराला आहे. 'पीअर-टू-पीअर' म्हणजे माणसाने माणसाला दिलेल्या कर्जात मध्ये बँक नसते. मध्ये असते ती केवळ गाठ घालून देणारी कंपनी. धनको आपण, ऋणको कोणीतरी दूरचा. त्याच्याकडे तारण नाही, जामीनदार नाही. त्याने फेडले तर पैसे आपले. न फेडले तर तोटाही आपलाच. साध्या मराठीत याला सावकारी म्हणतात.

हा शब्द आपल्याला टोचतो, आणि टोचायलाच हवा. माझे आजोळ सुप्याजवळच्या एका खेड्यात आहे. सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. 12 मे 1875 रोजी याच सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, कर्जाची खते बाहेर काढली आणि त्यांची होळी केली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत हे लोण पसरले. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. त्या दंग्यात माणसांना फारशी इजा झाली नाही, लोकांचा रोख कागदांवर होता, असे इतिहास सांगतो. व्याज म्हणजे काय, हे त्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे स्वातंत्र्यानंतर 1951-52 साली ग्रामीण पतपुरवठ्याची देशव्यापी पाहणी झाली, तेव्हाही शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे सत्तर टक्के सावकाराकडून आणि जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांकडून येत होते. आपल्या पिढ्यान् पिढ्यांनी व्याज ओळखले ते ऋणकोच्या बाजूने. आज प्रथमच, हातातल्या मोबाईलच्या कृपेने, आपल्यातला निवृत्त शिक्षक, एस.टी.चा वाहक, नोकरीला लागलेला तरुण धनकोच्या बाजूला जाऊन बसला आहे. आणि गंमत अशी, की आपण सावकार झालो हे त्याच्या गावीही नाही. तो स्वतःला ठेवीदार समजतो! माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ येथे आहे.

आता आजीकडे वळू. तिच्या गावात तिने वीस वर्षे भिशी चालवली. बारा बायका, महिना पाचशे रुपये. दर महिन्याला सहा हजार जमत. जिला निकड असेल ती म्हणे, "मला साडेपाच हजार दिले तरी चालतील." दुसरी म्हणे, "मला पाच हजार चारशेच द्या, पण ह्याच महिन्यात द्या." पैसे तिला मिळत आणि उरलेले सहाशे रुपये बारा जणींत पन्नास-पन्नास वाटले जात. ते सहाशे रुपये म्हणजेच व्याज. टक्केवारी कोणी काढली नाही. परंतु व्याजाचा दर कसा ठरतो याचा याहून चांगला पाठ मला वर्गात मिळालेला नाही. निकड जेवढी मोठी, तेवढी सूट मोठी. आणि कोणाला पहिल्या महिन्यात द्यायचे, कोणाला मागे ठेवायचे, हे आजी ठरवी ते माहितीच्या जोरावर. कोणाची म्हैस आटली, कोणाचा नवरा बाजाराच्या दिवशी गुत्त्यावर जातो, कोणाचा ऊस कारखान्याला गेला आणि बिल कधी येणार, हे सारे तिला ठाऊक असे. एकदा एकीचा नवरा अपघाताने अंथरुणाला खिळला, तेव्हा चार महिने बाकीच्या अकरा जणींनी तिचा हप्ता वाटून घेतला. तिने पुढच्या सुगीला तो फेडला.

भिशीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. भिश्या बुडतात, भिशीचा पैसा घेऊन पळालेले लोक आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. माझा मुद्दा इतकाच, की तेथे बुडीताची शक्यता डोळ्यांसमोर असते. ॲपवर ती एका आकड्यात दडलेली असते. तो आकडा म्हणजे व्याजाचा दर.

हा दर वाचायला आपण शिकलेले नाही. खेड्यात अजून 'शेकडा दोन रुपये' अशी भाषा आहे. ते दोन रुपये महिन्याचे असतात. म्हणजे दरसाल दरशेकडा चोवीस. हे घेणाऱ्याला कळत नाही असे नाही, पण 'दोन' हा आकडा ऐकायला लहान वाटतो. उलट हप्त्याच्या कर्जात 'वर्षाला फक्त बारा टक्के' असे सांगून दहा हजारांवर सरळ बाराशे रुपये व्याज लावतात आणि 11,200 रुपये बारा समान हप्त्यांत वसूल करतात. वस्तुतः ऋणकोकडे पूर्ण दहा हजार रुपये वर्षभर राहतच नाहीत. दर महिन्याला तो मुद्दलही फेडीत असतो. शिल्लक मुद्दलावर हिशेब केला, तर हा दर बारा नव्हे, सुमारे साडेएकवीस टक्के पडतो.

धनकोचीही अशीच फसगत होते, मात्र उलट दिशेने. शिल्लक मुद्दलावर खरोखरच बारा टक्के दराने दहा हजार रुपये वर्षाच्या हप्त्यांनी दिले, तर दरमहा सुमारे 888 रुपये परत येतात आणि वर्षअखेर व्याज हाती पडते ते सुमारे 662 रुपये. बाराशे नव्हे! बाकीचे व्याज मिळवायचे, तर परत आलेला प्रत्येक हप्ता त्याच क्षणी दुसऱ्या कोणाला तरी त्याच दराने दिला पाहिजे. म्हणजे सावकाराला सुट्टी नाही. अण्णांनी वहीत मांडलेला हिशेब आणि ॲपवरचा हिशेब का जुळत नव्हता, हे मला हे गणित सोडवल्यावर कळले.

आता मुख्य प्रश्न. 2023 साली बँकेत सात-साडेसात टक्के मिळत असताना येथे बारा टक्के कोठून येत होते? आकाशातून तर पडत नाहीत. दूरवरचा तो ऋणको अठरा, चोवीस किंवा त्याहूनही अधिक टक्के भरत असतो. मग प्रश्न येतो : जो माणूस बँकेत जाऊन कमी दराने कर्ज घेऊ शकतो, तो इतके व्याज का भरील? याचे उत्तर असे, की बँकेने त्याला उभे केलेले नाही. का उभे केले नाही? कारण त्याच्यासारख्या शंभरांतील काहीजण फेडीत नाहीत, हा बँकेचा अनुभव आहे. वाढीव व्याज ही त्या बुडणाऱ्यांची आगाऊ भरपाई असते. ते बक्षीस नव्हे.

पाटीवर मांडून पाहू. समजा, शंभर माणसांना प्रत्येकी एक हजार असे एक लाख रुपये चोवीस टक्क्यांनी एका वर्षासाठी दिले आणि वर्षअखेर मुद्दल-व्याज एकदम घ्यायचे ठरले. सगळ्यांनी फेडले, तर 1,24,000 रुपये येतील. पाच जणांनी काहीच दिले नाही, तर 1,17,800. दहा जणांनी बुडवले, तर 1,11,600. म्हणजे चोवीस टक्क्यांचे साडेअकरा झाले. पंधरा बुडाले, तर 1,05,400, बँकेपेक्षा कमी. आणि वीस बुडाले, तर 99,200 रुपये. मुद्दलालाच हात लागला. यातून कंपनीचे शुल्क वजा करायचे आहे आणि व्याजावरचा प्राप्तिकर भरायचा आहे, तो वेगळाच. चोवीस हा आकडा जाहिरातीत दिसतो. त्याखालचे पाच, दहा, पंधरा आणि वीस हे आकडे आपण स्वतः विचारायचे असतात.

यावर सांगतात, की थोडे थोडे पैसे पुष्कळांना द्या, म्हणजे धोका विभागला जातो. हे खरे आहे, पण अर्धे. शेतकरी बाजरीत तूर घेतो, एक गेले तर दुसरे हाती लागावे म्हणून. पण पाऊसच पडला नाही तर? 2020 च्या टाळेबंदीत नेमके तेच झाले. रिक्षावाला, शिंपी, हॉटेलातला कामगार, छोटा दुकानदार या सगळ्यांची मिळकत एकाच महिन्यात थांबली. शंभर वेगवेगळे ऋणको कागदावर होते. संकट मात्र एकच होते.

आमच्या घरी काय झाले, ते आता सांगते. 2023 साली अण्णांनी पैसे गुंतवले, तेव्हा ॲपवर दोन गोष्टी ठळक होत्या : 'बारा टक्क्यांपर्यंत' आणि 'केव्हाही काढा'. पहिल्यातला 'पर्यंत' हा शब्द आम्ही कोणी वाचला नाही. दुसरे वाक्य मात्र सर्वांनी वाचले. वास्तविक, तुमचे पैसे एखाद्याला दोन वर्षांच्या हप्त्यांनी दिले असतील, तर ते तुम्हाला 'केव्हाही' कसे मिळतील? एकच मार्ग असतो : नव्याने आलेल्या दुसऱ्या धनकोचे पैसे तुम्हाला द्यायचे. नवे येत आहेत तोवर हे चालते.

16 ऑगस्ट 2024 रोजी रिझर्व्ह बँकेने 2017 च्या आपल्या नियमांत दुरुस्ती केली आणि हे सारे बंद केले. हमीच्या परताव्याची किंवा हवे तेव्हा पैसे काढण्याची सोय दाखवून हा व्यवहार 'गुंतवणूक' म्हणून विकता येणार नाही. एका धनकोच्या जागी दुसऱ्याचा पैसा वापरता येणार नाही. मुद्दल वा व्याज बुडाले, तर तो तोटा धनकोचाच, आणि तसे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे. कंपनीने आपले शुल्कही आधी ठरलेले घ्यावे, ऋणकोच्या फेडीवर ते अवलंबून नसावे. या नियमांनी अण्णांचे पैसे अडकले, असे आमच्या घरी काही दिवस बोलले जात होते. पण पैसे अडकलेलेच होते. नियमांनी फक्त पडदा बाजूला केला.

त्याच सप्टेंबरात धाकट्या भावाच्या वसतिगृहाचे आणि महाविद्यालयाचे शुल्क भरायचे होते. ॲपवर तीन लाखांचा आकडा दिसत होता, परंतु हाती येत होते ते हप्त्याहप्त्याने. शेवटी आईच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. जगाला कर्ज देणाऱ्या आमच्या घराने स्वतः कर्ज काढले! पाटल्या पुढे सुटल्या. तीन लाखांपैकी मुद्दलाचे दोन लाख एकसष्ट हजार परत आले. बाकीच्यांसमोर 'थकीत' असा शब्द आहे. आई याविषयी कधी काही बोलली नाही; पण ते दोन महिने ती लग्नकार्याला गेली नाही, एवढे मी पाहिले.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. या व्यवहाराची पहिली कंपनी, 'झोपा', लंडनमध्ये 2005 साली निघाली. ती बरी चालली, लोकांचे पैसेही तिने परत केले. पण 2021 साली तिनेच सामान्य माणसांकडून पैसे घेऊन कर्ज देण्याचा हा मार्ग बंद केला आणि बँक म्हणून चालणे पसंत केले. चीनमध्ये 'इझुबाओ' या कंपनीत सुमारे नऊ लाख लोकांचे पाच हजार कोटी युआन अडकले. ती कंपनी म्हणजे उघड फसवणूक होती, हे 2016 च्या आरंभी बाहेर आले. ऋणको बहुतांशी कागदावरचेच होते. एके काळी तेथे अशा हजारो कंपन्या होत्या. 2020 च्या नोव्हेंबरात तेथील नियामकांनीच त्यांची संख्या शून्यावर आल्याचे सांगितले.

मग हा व्यवहार बंदच करावा काय? माझे मत तसे नाही. ज्याच्याकडे तारण नाही, पगारपत्रक नाही, पण अंगात हुन्नर आहे, अशा माणसाला कर्ज कोणी द्यायचे? बँक दार लावून घेते, आणि गल्लीतला खाजगी सावकार शेकडा पाच-दहा मागतो. यांच्यामध्ये एखादी वाट असणे इष्टच आहे. माझे मित्र म्हणतात, "शेअर बाजारात धोका नाही का?" आहेच. पण शेअर घेणाऱ्याला भाव पडू शकतो हे ठाऊक असते, आणि कंपनी भरभराटली तर त्याला त्याचा वाटाही मिळतो. कर्ज देणाऱ्याला मात्र उत्तमात उत्तम झाले, तरी ठरलेल्या व्याजापलीकडे कवडी मिळत नाही आणि वाईट झाले, तर मुद्दल जाते. वर जायला मर्यादा आहे, खाली मात्र सगळे मुद्दल जाऊ शकते. असा व्यवहार निवृत्तीच्या पैशांनी करायचा नसतो. जो पैसा तीन वर्षे दिसला नाही आणि त्यातला पाचवा हिस्सा गेला तरी घरची चूल नीट पेटेल, तेवढाच पैसा येथे द्यावा. नियमांनुसार कंपनीने आपली थकीत कर्जे किती आहेत, हे दरमहा जाहीर करायचे असते. दराचा आकडा पाहण्याआधी तो आकडा पाहावा.

आणि एक गोष्ट गणितापलीकडची. देहूच्या तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. दुष्काळात ऋणकोंचे चेहरे त्यांनी पाहिले होते. आपण कोणाचाच चेहरा पाहत नाही. 'थकीत' या शब्दामागे लबाड माणूस आहे की अंथरुणाला खिळलेला, हे अण्णांना कधीच कळणार नाही. त्यांच्या वतीने कोण त्याला दूरध्वनी करतो आणि कोणत्या भाषेत बोलतो, हेही कळणार नाही. ज्या चोवीस टक्क्यांसाठी आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी सावकाराला शिव्या दिल्या, तेच चोवीस टक्के आपल्या नावाने वसूल होत असतील, तर निदान ते आपल्याला माहीत असावेत. कर्ज देणे हे पाप नाही. न जाणता देणे मात्र बरे नव्हे.

पदवी घेऊन आपल्यापैकी पुष्कळजण लवकरच नोकरीला लागतील. पहिल्या पगाराबरोबर मोबाईलवर असे आकडे येऊ लागतील. तेव्हा मित्रांनो, दर किती, हे जरूर विचारा. परंतु त्याआधी माझ्या आजीचा प्रश्न विचारा : पैसे कोणाला दिले, आणि मागायला कोणाच्या दारात जायचे? याचे उत्तर ज्याला स्वतःच्या शब्दांत देता येईल, त्याने खुशाल सावकारी करावी.

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)